कर्नल, बाबांचा राउटर आणि मी दाबलेला एक एन

मिरजेच्या घरी टीव्हीच्या मागे एक राउटर आहे. ८ एमबी फ्लॅश, ६४ एमबी रॅम, मीच कधीतरी पुण्याहून नेऊन लावलेला. त्यातलं मूळ सॉफ्टवेअर काढून मी ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीचं खुलं लिनक्स, टाकलं, आणि तेही तयार मिळतं ते नाही, सोर्स कोडपासून स्वतः बिल्ड केलेलं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंय, पण ते मोल नंतर कुणाला तरी मोजावं लागतं, आणि आमच्याकडे ते बाबांनी मोजलं.

बाबा सकाळी चहाबरोबर मोबाइलवर पेपर वाचतात, आणि हल्ली बातमीपेक्षा जाहिरातीच जास्त, एक बंद केली की दुसरी उघडते, चुकून बोट लागलं की भलतंच पान. म्हणून मी राउटरमधेच जाहिरातींच्या डोमेनची भलीमोठी यादी टाकून दिली, म्हणजे घरातल्या कुठल्याच फोनवर त्या येणार नाहीत. बाबा खूश. मग ती यादी आपोआप अपडेट होत होत फुगली, आणि एका सकाळी फोन आला.

"नेट गेलंय रे परत."

"बाबा, लाइट कुठले लागलेत बघा बरं."

"सगळे हिरवे आहेत. वायफाय फुल दाखवतंय. पण काही उघडत नाही. तू काय घातलंयस त्यात? जुनंच बरं होतं."

घातलं होतं ते असं, की यादी मेमरीत मावेना, मग कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ओओएम किलर (मेमरी संपली की जागा होणारा मारेकरी) उठायचा आणि सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोसेस मारायचा, आणि तो नेमका डीएनएसमास्क, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा, म्हणजे ज्याच्यावाचून कुठलीच साइट उघडत नाही तोच. राउटर त्याला परत उठवायचा, तो परत यादी घेऊन बसायचा, परत मारला जायचा, चार-पाचदा असं झालं की उठवणाराही नाद सोडून द्यायचा. लाइट हिरवे ते हिरवेच. ("कर्नल" हा शब्द ऐकून बाबा म्हणाले होते, मिलिट्रीतला का? मी म्हटलं तसाच समजा, कुणाला किती रेशन मिळणार ते हाच ठरवतो.)

यावरचा उपाय सोपा आणि जुना आहे. झेडरॅम म्हणजे रॅममधेच एक खोटी डिस्क बनवायची, तिच्यात मेमरीची पानं (कर्नल मेमरी अशा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत मोजतो) दाबून, कॉम्प्रेस करून ठेवायची, आणि कर्नलला सांगायचं ही तुझी स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली की सामान ठेवायची जागा. काही वर्षं कच्च्या कामांच्या डिरेक्टरीत काढून २०१४ साली ३.१४ या आवृत्तीमधे तो कर्नलमधे पक्का झाला. मी पुण्यात बसून रात्री एसएसएचने, म्हणजे दुरूनच, राउटरच्या आत शिरलो, झेडरॅमचं मॉड्यूल (कर्नलला नंतर जोडता येणारा तुकडा) बिल्ड करून पाठवलं, लोड केलं, डिव्हाइस तयार झालं, एमकेस्वॅप झालं, सगळं हसतखेळत, आणि मग स्वॅपऑन टाइप केल्यावर स्क्रीनवर एकच ओळ आली: फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड.

ही ओळ आयुष्यात फार कमी वेळा दिसते. परवानगी नाही असं ती म्हणत नाही, मेमरी नाही असंही नाही. ती म्हणते, तुम्ही जी सिस्टिम कॉल मागताय ती या कर्नलमधे मुळात नाहीच. आणि नाही कारण बिल्ड करताना, एका रविवारी रात्री, फ्लॅशमधे जागा वाचवायची म्हणून, कॉन्फिग_स्वॅप वर कर्सर नेऊन मीच एन, म्हणजे नको, दाबलं होतं. एवढ्याशा राउटरला कसली आलीये स्वॅप, हार्डडिस्क तरी आहे का त्याला, असा विचार करून. त्या ऑप्शनच्या मदतीच्या मजकुरात स्पष्ट लिहिलेलं असतं की खात्री नसेल तर वाय म्हणा. मला खात्री होती ना.

त्या रात्रीपासून हा प्रश्न डोक्यात आहे, की कर्नलमधल्या मेमरीच्या गोष्टी बिल्डच्या वेळीच आत-बाहेर करायची सोय असावी का मुळात? कारण बिल्डच्या वेळचा प्रश्न विचारला जातो एका माणसाला एका रात्री, आणि त्याच्या उत्तराशी संसार करायचा असतो दुसऱ्याच माणसाला, वर्षभराने, दोनशेहून जास्त किलोमीटर दूर.

खरं सांगायचं तर मला या सोयीचं एकेकाळी प्रेम होतं. हॉस्टेलवर १२८ एमबी रॅमच्या पेंटियम थ्रीवर मेक मेन्यूकॉन्फिग करायचं, निळ्या स्क्रीनवर तो राखाडी चौकोन यायचा, आणि आत मेन्यूतून मेन्यू, त्यातून मेन्यू, आपण एकेक ओळ वाचत वाय (आत), एन (नको), एम (मॉड्यूल) करत जायचं, अर्धं कळायचं नाही, पण वाटायचं की कॉम्प्युटरच्या पोटात हात घातलाय. रात्रभर कंपाइल चालायचं, पंख्याच्या आवाजात झोप लागायची नाही, सकाळी बूट केलं की पॅनिक, म्हणजे कर्नल हात वर करून थांबलेला, कारण ज्या फाइलसिस्टिमवर रूट होतं तिलाच मी मॉड्यूल करून ठेवलेलं. परत सगळं. दहातलं एकदा चालायचं आणि त्या एकदासाठी आम्ही चहा पाजायचो.

पण आज स्वतःचा कर्नल कोण बिल्ड करतं? लॅपटॉपवर उबंटू किंवा फेडोरा असलं तर त्यांनी बिल्ड केलेला, फोनवर फोनवाल्यांनी, क्लाउडवर क्लाउडवाल्यांनी. आता १५ हजारांहून जास्त ऑप्शन आहेत, बूट फोल्डरमधली कॉन्फिग फाइल उघडून बघा, हजारो ओळी. म्हणजे ही निवड वापरणाऱ्याची राहिलेलीच नाही, ती बांधणाऱ्याची आहे. फ्लॅटमधे राहायला गेलं की कळतं ना, बाथरूममधे गीझरचा पॉइंटच काढलेला नाही, वायरिंग सगळं भिंतीच्या आत. भाडेकरूने काय करायचं? बटण बंद ठेवलेलं असतं तर चालू केलं असतं. इथे बटणच नाही.

आता या सगळ्यात माझं सगळ्यात आवडतं प्रकरण म्हणजे स्लॅब, स्लब आणि स्लॉब. नावं ऐकून हसू येतं, पण काम गंभीर आहे. कर्नलला स्वतःसाठी सतत छोटे छोटे मेमरीचे तुकडे लागतात, कुठे ६४ बाइट, कुठे १९२, हे तुकडे कापून देणारा एक वाटप्या लागतो. मूळ कल्पना सोलारिसवर काम करणाऱ्या जेफ बॉनविकची, १९९४ च्या पेपरमधली, तिच्यावरून लिनक्सचा स्लॅब. मग २००६ मधे मॅट मॅकलने स्लॉब आणला, अगदी छोट्या मशीनसाठी, साधी यादी ठेवायची आणि मावेल तिथून तुकडा द्यायचा, हळू पण चिमुकला. २००७ मधे ख्रिस्तोफ लॅमेटरने स्लब आणला, मोठ्या मशीनवर स्लॅबच्या रांगा फार वाढतात म्हणून. आणि कर्नलने काय केलं, तिन्ही ठेवले. बिल्ड करताना तीनातला एक निवडा.

ऐकायला किती छान वाटतं, ज्याला जे हवं ते. पण हे तीन वाटपे एकाच दुकानाच्या काउंटरवर बसलेत, गिऱ्हाइकाने मागायची पद्धत एकच, आणि त्यामुळे तिघांतला सगळ्यात अडाणी जो असेल त्याच्या तालावर बाकीच्यांनी नाचायचं. स्लॉबची अडचण अशी होती की खास कॅशमधून (एकाच मापाच्या तुकड्यांच्या साठ्यातून) घेतलेला तुकडा परत करताना तो कुठल्या कॅशमधला, किती मोठा, हे तुम्हीच सांगायला लागायचं, कारण जागा वाचवायला त्याने ती नोंदच ठेवलेली नसायची. स्लॅब आणि स्लबला ते तुकड्यावरूनच कळायचं. पण स्लॉब यादीत आहे म्हटल्यावर अख्ख्या कर्नलमधे कुणीच त्या ज्ञानावर विसंबून कोड लिहू शकत नव्हतं, सगळीकडे सरळ के-फ्री, म्हणजे "हा तुकडा परत घे", म्हणता यायचं नाही. जगात स्लॉब वापरणारे किती? अगदी थोडे. नियम पाळणारे? सगळे.

शेवटी व्लास्टिमिल बाब्काने आवराआवर काढली. आधी स्लबलाच बारीक करायचा एक ऑप्शन दिला, स्लब_टायनी, मग २०२३ मधे ६.४ मधून स्लॉब गेला, आणि २०२४ मधे ६.८ मधून स्लॅबही. आता एकच वाटप्या. स्लॉब गेल्यावर कुठूनही घेतलेला तुकडा सरळ के-फ्री करायला मोकळीक झाली. हे वाचलं तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं, हॉस्टेलच्या दिवसांतला एक मेन्यू गेला म्हणून. आणि लगेच बरंही वाटलं. कारण प्रत्येक ऑप्शन म्हणजे एक न दिसणारं कर्ज असतं. तीस स्वतंत्र वाय-एन घेतले तर १०७ कोटींच्या वर कर्नल होतात, हे कुणी टेस्ट करायचे? रोबो रँडम कॉन्फिग बनवून दिवसरात्र बिल्ड करत असतात, ते बिल्ड झालं का, फार तर बूट झालं का, एवढं सांगतात, बाबांच्या राउटरमधे महिनाभर टिकेल का ते नाही.

आता दुसरी बाजू. "मग सगळंच आत टाका आणि बटणं द्या" असं म्हणणं सोपं आहे, पण आत टाकलेलं फुकट नसतं. कर्नल प्रत्येक पानामागे एक छोटी नोंद ठेवतो, साधारण ६४ बाइटची. ४ केबीचं पान, ६४ बाइटची नोंद, म्हणजे १ जीबीमागे १६ एमबी नुसत्या नोंदींत. वहीखर्चच म्हणा ना. त्यामुळे कुणी म्हणालं की मला प्रत्येक पानामागे अजून आठ बाइट हवेत तर मेमरीवाली मंडळी अशी बघतात जणू किडनी मागितली. कंटेनरला (एकाच कर्नलवर वेगळ्या खोलीत चालणाऱ्या प्रोग्रॅमला) मेमरीची मर्यादा घालणारा जो मेमरी सीग्रुप आहे, तो २००८ मधे आला तेव्हा त्याने पानांसाठी वेगळी समांतर वहीच काढली होती, वापरा न वापरा, ती अडवून बसायची. म्हणून काही डिस्ट्रो (तयार लिनक्स देणारे) तो आत बिल्ड करून बूटला बंद ठेवायचे. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या डॉक्युमेंटेशनमधे स्वॅपचा हिशोब चालू करण्याबद्दल इशारा होता, की एकूण मेमरीच्या १ टक्का आणि एकूण वेगात १० टक्के फटका बसेल, डॉकर चालू नसलं तरी. ती वेगळी वही नंतर ३.१९ च्या सुमाराला मोडीत काढून नोंद पानाच्या मूळ नोंदीतच बसवली. मुद्दा हा की ऑप्शन ठेवण्यापेक्षा वही बारीक करणं हे खरं उत्तर होतं, पण ते जास्त कष्टाचं, म्हणून उशिरा सुचतं.

यात मीही एकदा अडकलोय. एका छोट्या बोर्डवर कुबरनेटिस (कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) चढवायचा खेळ चालला होता, काही केल्या चालू होईना, दोन संध्याकाळी गेल्या, शेवटी कळलं की मेमरी सीग्रुप आत आहे पण बूटला बंद. बूटच्या ओळीत दोन शब्द टाकले, रीबूट, झालं. चिडचिड झाली, पण बघा, झालं ना! राउटरमधे ते दोन शब्द टाकायला जागाच नव्हती. बंद असलेलं आणि नसलेलं यात हा एवढा फरक आहे.

मला जी पद्धत पटते ती कर्नलमधेच आहे. ट्रान्सपरंट ह्यूजपेज घ्या, २०११ मधे २.६.३८ मधे आलं, आंद्रेआ आर्कान्जेलीचं काम. ४ केबीची ५१२ पानं सुटी सुटी सांभाळण्याऐवजी २ एमबीचं एकच मोठं पान. बऱ्याच कामांना फायदा, पण रेडिससारख्या डेटाबेसला त्रास, कारण तो डेटा डिस्कवर लिहायला फोर्क करतो, म्हणजे स्वतःचीच एक प्रत काढतो, आणि मग तेव्हाच्या कर्नलमधे एक बाइट बदलला तरी ४ केबी ऐवजी २ एमबी कॉपी व्हायची. एका जुन्या नोकरीत आमच्या डॅशबोर्डवर दर तासाला एक सुळका यायचा, बरोब्बर फोर्कच्या वेळी, आम्ही नेटवर्कवाल्यांशी भांडून घेतलं, आणि शेवटी एका सिनियरने शांतपणे येऊन सिसएफएसमधे, म्हणजे चालत्या कर्नलच्या सेटिंगच्या फाइलमधे, "नेव्हर" लिहिलं. सुळका गेला. प्रॉडक्शनवर, रीबूट न करता, बिल्डचा तर प्रश्नच नाही. "अरे, आधी विचारायचंत ना," एवढंच म्हणाला आणि जेवायला गेला.

इथे एकदा आत घेतलं की बिल्डला काय ठरतं, तर फक्त मूळ डिफॉल्ट. बूटच्या ओळीत ते बदलता येतं, चालू असतानाही बदलता येतं. २०१९ मधे ५.३ मधे आलेलं, मेमरी देताना शून्याने पुसून द्यायचं फीचरही असंच आहे, बिल्डला डिफॉल्ट ठरवा, बूटला उलटवा. त्याच्या मदतीच्या मजकुरातच किंमत लिहिलीये, बहुतेक कामांना १ टक्क्याहून कमी, काही कृत्रिम टेस्टमधे ७ टक्क्यांपर्यंत. आणि बंद असताना दर वेळी "चालू आहे का, चालू आहे का" विचारायचा खर्च नको म्हणून स्टॅटिक की वापरतात, म्हणजे कर्नल चालू असताना स्वतःच्याच कोडमधली एक सूचना बदलून टाकतो, बंद असेल तर तिथे काहीच-न-करणारी सूचना. ही युक्ती मला अजूनही जादूसारखी वाटते. चालत्या गाडीचं चाक बदलणं म्हणतो आपण, हे ते अक्षरशः करतात.

सुरक्षावाल्यांचं म्हणणं वेगळं, आणि ते मी उडवून लावत नाही. जे आत नाही ते फोडता येत नाही. सारखी दिसणारी पानं एकत्र करणारं केएसएम २००९ पासून आहे, मेमरी वाचते, पण २०१६ मधे अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी त्याच सोयीचा आणि रोहॅमरचा (मेमरीच्या एका ओळीवर सतत मारा करून शेजारचे बिट उलटवायची युक्ती) मेळ घालून शेजारच्या व्हर्च्युअल मशीनमधले बिट उलटवून दाखवले. केएसएम आपणहून चालू होत नाही, बटण दाबावं लागतं, तरीही ज्याला ते कधीच लागणार नाही त्याने ते बिल्डमधूनच काढलं तर मी काय बोलणार. फक्त ज्याने काढलं त्यानेच ते चालवावं, एवढंच.

आणि काही गोष्टी खरोखर बिल्डच्याच आहेत. पानाचा आकार. इंटेलवर मूळ पान ४ केबीचंच, पण ६४-बिट आर्मवर (बहुतेक मोबाइलमधला प्रोसेसर) ४, १६ किंवा ६४, आणि हे कंपाइल होताना दगडात कोरलं जातं, कारण कर्नलभर तो एक स्थिर आकडा म्हणून पसरलेला असतो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ आर्मवर ६४ केबीचं होतं, ९ मधे ४ वर आलं, ज्यांना ६४ हवं त्यांना वेगळं कर्नल पॅकेज. ६४ केबीचं पान म्हणजे एका ओळीची फाइल वाचली तरी कॅशमधे ६४ केबी अडकणार. पण मोठ्या मेमरीवर वेग मिळतो. अँड्रॉइड १५ मधे १६ केबीचा सपोर्ट आला, आणि गूगल प्लेने नोव्हेंबर २०२५ पासूनची अट घातली तेव्हा ज्यांच्या अॅपमधे सी-प्लस-प्लसची लायब्ररी होती त्यांची पळापळ मी जवळून पाहिली, कारण कुठल्या तरी जुन्या लायब्ररीत कुणीतरी ४०९६ हा आकडा हाताने लिहून ठेवलेला. माझी धारणा होती की हे तरी बिल्डलाच राहणार. तर २०२४ मधे आर्मच्या रायन रॉबर्ट्सने पानाचा आकार बूटला निवडता यावा म्हणून पॅचची भलीमोठी मालिका टाकली. बघा! दगडावरचं कोरलेलंही लोक पुसायला निघालेत.

बिल्डच्या ऑप्शनचा एक उपयोग मात्र मला नंतर पटला, ब्रेक म्हणून. २०२३ मधे ६.४ मधे मेमरीच्या नकाशावरचं एक मोठं कुलूप फोडून छोटी छोटी कुलपं केली, त्यात फोर्कच्या वेळी मेमरी करप्ट होणारा बग निघाला. कॉन्फिग असल्यामुळे ते पटकन बंद ठेवून, नीट करून, परत चालू करता आलं. आता ते विचारतही नाहीत, प्रोसेसरच्या आर्किटेक्चरला जमत असेल तर आपोआप चालू. असं हवं. मांडव कार्यापुरता, नंतर सोडायचा. पण बहुतेक ऑप्शनचे मांडव वर्षानुवर्षं तसेच. कुठलं पान आधी बाहेर काढायचं ते ठरवणारं नवं यंत्र, यू झाओचं, २०२२ च्या ६.१ मधे आलं, जुनं काढलं नाही, दोन्ही शेजारी शेजारी. स्लॅबचं झालं तसंच, सतरा वर्षांनी कुणीतरी आवरायला घेईल.

असो, राउटर. शेवटी स्वॅप वाय करून परत बिल्ड केलं. इमेज इज टू बिग. ८ एमबीत मावेना. म्हणजे काहीतरी एन करायलाच हवं, आणि एवढं सगळं तत्त्वज्ञान झाल्यावर मी परत त्याच निळ्या स्क्रीनसमोर, परत रविवार रात्र. आयपीव्ही६ काढवेना, यूएसबी काढली तर बाबांचा पेनड्राइव्ह. शेवटी कॉन्फिग_कॉलसिम्सवर आलो, म्हणजे कर्नलमधल्या फंक्शनांच्या नावांचं कोष्टक, जे मुख्यतः काही बिघडलं तर ट्रेसमधे नावं दाखवायला लागतं. ते काढलं. मावलं. गणपतीत मिरजेला जाऊन हाताने फ्लॅश केलं.

दिवाळीत गेलो तेव्हा फराळ पुढ्यात घेऊन लॅपटॉप उघडला. झेडरॅमवर बऱ्यापैकी पानं जाऊन बसलेली, डीएनएसमास्क कितीतरी दिवसांत एकदाही मेलेला नाही, मस्त. मग सवयीने डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, बघितलं तर मधेच एक वॉर्निंग, दहा-बारा दिवसांपूर्वीची, खाली भलामोठा कॉल ट्रेस, म्हणजे कुठलं फंक्शन कुठून बोलावलं त्याची यादी. सगळा नुसत्या हेक्स आकड्यांचा, एकाही फंक्शनचं नाव नाही.

"काय झालं रे?" बाबांनी विचारलं. मोबाइलवर पेपर उघडा होता, जाहिरात एकही नाही.

"काही नाही, कर्नलने तक्रार केलीये कसली तरी."

"कसली?"

"तेच कळत नाहीये."

"नेट चालू आहे ना?" म्हणाले, आणि चकलीचा डबा माझ्याकडे सरकवून परत वाचायला लागले.